रस्ट प्रोग्रॅममध्ये प्रोफायलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी कोथरूडला आम्ही काहीजण रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला आणि शिकवायला जमतो. तिथे, आणि मग आठवडाभर व्हॉट्सॲपवर, जे प्रश्न फिरून फिरून येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिनक्स धरून लिहिली आहेत. आज्ञांची नावं देवनागरीत दिली असली तरी टर्मिनलवर ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

१. प्रोफायलिंग म्हणजे नक्की काय? मी सुरुवातीला आणि शेवटी वेळ छापतो, तेच ना?

तुमचं घड्याळ किती वेळ लागला ते सांगतं. तो कुठे गेला, हे प्रोफायलिंग सांगतं. त्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे नमुने घेणं: सोसायटीचा वॉचमन ठरावीक वेळाने फेरी मारतो आणि त्या क्षणी कुठल्या फ्लॅटमध्ये दिवा चालू आहे तेवढं टिपतो. पुरेशा फेऱ्या झाल्या की वीज कोण जाळतंय ते कळतं, आणि फ्लॅटमधल्या लोकांना काहीही करावं लागत नाही. दुसरी तऱ्हा नोंदीची: गेटवर रजिस्टर ठेवायचं, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाने वेळ लिहायची. यात एकही ये-जा सुटत नाही, पण लिहिण्यात वेळ जातो (प्रश्न १२).

आमचा शिरस्ता असा: आधी नमुने, मग गरज पडली तरच नोंदी. उलट क्रमाने जाणारे बरेच जण चुकीच्या फंक्शनमध्ये दहा टायमर पेरून बसतात.

२. रस्ट तर मुळातच वेगवान आहे. मग मोजायचं कशाला?

भाषा वेगवान असली तरी आपण लिहिलेला लूप वेगवान असतोच असं नाही. आमच्या गटातलं हे उदाहरण आता सगळ्यांना पाठ झालंय. मराठी मजकुरातले शब्द मोजणारा छोटा प्रोग्रॅम होता. चार पानांवर झटकन चालला, अख्ख्या कादंबरीवर सोडला तर लॅपटॉपचा पंखा गरगरायला लागला. तर्क सुरू झाले. एक म्हणाला डिस्क हळू आहे. दुसरा म्हणाला हॅशमॅप (किल्लीवरून किंमत शोधून देणारा तक्ता) बदला, रस्ट त्यासाठी मुळात सिपहॅश ही हॅशिंगची पद्धत वापरतं आणि ते सुरक्षित असलं तरी छोट्या किल्ल्यांना जड पडतं. दोन्ही मुद्दे ऐकायला अगदी शहाण्यासारखे.

मोजल्यावर दिसलं की जवळजवळ सगळा वेळ यूटीएफ-८ उलगडण्यात जातोय. लूपमध्ये प्रत्येक अक्षर 'चार्स' आणि त्यावर 'एन्थ' असं क्रमांकाने काढलं होतं. रस्टमधली स्ट्रिंग ही बाइटची रांग असते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'पुणे' हा शब्द डोळ्याला दोन अक्षरांचा दिसतो, पण त्यात प, उकार, ण आणि मात्रा अशी ४ चिन्हं, म्हणजे १२ बाइट. त्यामुळे पन्नास हजारावं चिन्ह हवं असेल तर रस्ट दर वेळी पहिल्यापासून चालत येतं. मजकूर दुप्पट झाला की वेळ चौपट. 'चार-इंडायसेस' घेऊन एकदाच सरळ चालत गेलो आणि प्रश्न मिटला. हॅशमॅपला हातही लावावा लागला नाही.

३. मोजायला कुठला बिल्ड घ्यायचा? माझ्या डीबग बिल्डमध्ये इटरेटर फार हळू दिसतात.

डीबग बिल्ड, म्हणजे चुका शोधायला बनवलेला, वेगासाठी न घोटलेला बिल्ड, मोजू नका. त्यात इटरेटरच्या छोट्या छोट्या फंक्शनांचं इनलायनिंग (फंक्शनचा कोड बोलावणाऱ्यातच उतरवणं) होत नाही, ओव्हरफ्लोच्या तपासण्या चालू असतात, आणि रस्टची जी गुंतागुंत रिलीज बिल्डमध्ये विरघळून जाते तीच तिथे शिखरावर दिसते. म्हणजे तुम्ही असा प्रोग्रॅम मोजता जो कुणी वापरणारच नाही.

रिलीजच घ्या, पण त्यात ओळींची माहिती ठेवा. कार्गो, म्हणजे रस्टचं बिल्ड करायचं साधन, त्याच्या टॉमल फाइलमध्ये 'प्रोफायलिंग' नावाचं वेगळं प्रोफाइल लिहा, ते 'रिलीज'कडून वारसा घेईल असं करा, आणि त्यात 'डीबग'ची किंमत 'लाइन-टेबल्स-ओन्ली' द्या. फाइल जाड होते, वेग तोच राहतो. रिलीज प्रोफाइललाच हात लावण्यापेक्षा हे बरं, कारण मग ती जाड फाइल चुकून ग्राहकाकडे जात नाही.

४. कुठल्या साधनाने सुरुवात करू?

लिनक्सवर पर्फ. २००९ सालापासून ते कर्नलच्या सोबतच येतं आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळही बदलावी लागत नाही: 'पर्फ रेकॉर्ड'ने चालवा, 'पर्फ रिपोर्ट'ने पाहा. नमुन्यांचा वेग ठरवताना सेकंदाला १०० ऐवजी ९९ देण्याची पद्धत आहे. प्रोग्रॅममधलंच एखादं काम नेमकं १०० च्या तालावर चालत असेल, तर आपली फेरी दर वेळी त्याच क्षणी पडते आणि चित्र फसवं येतं.

मॅकवर एक्सकोडसोबतचं इन्स्ट्रुमेंट्स किंवा साम्प्ली घ्या. साम्प्ली लिनक्सवरही चालतं आणि ब्राउझरमध्ये छान चित्र दाखवतं, त्यामुळे नवख्यांना आम्ही तेच देतो. कॉलेजात शिकवला जाणारा जीप्रॉफ १९८२ चा आहे. सी प्रोग्रॅममध्ये कंपायलरकडून प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी मोजणी घालून घ्यायची, असा त्याचा घाट. तोंडी परीक्षेत विचारतात म्हणून वाचा, पण रस्टसाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

५. 'परवानगी नाही' असं पर्फ म्हणतं. सुडो लावू का?

चालतं, पण सवय करू नका. 'पर्फ-इव्हेंट-पॅरानॉइड' ही कर्नलची सेटिंग उबुंटू आणि डेबियन बरीच कडक ठेवतात. सिसकंट्रोलने ती १ वर आणली की स्वतःचे प्रोग्रॅम साध्या खात्यातून मोजता येतात. डॉकरच्या आत आणखी एक कुंपण असतं: डॉकरचं नेहमीचं सेककॉम्प प्रोफाइल (कुठले सिस्टिम कॉल, म्हणजे कर्नलकडच्या विनंत्या, चालतील त्याची यादी) पर्फचा सिस्टिम कॉलच अडवतं. तिथे कंटेनरला जादा परवानगी द्यावी लागेल, नाहीतर कंटेनरच्या बाहेरून मोजावं लागेल. आणि कचेरीतल्या सामायिक सर्व्हरवर हे काही बदलण्याआधी सिस्टिम बघणाऱ्याला विचारा.

६. फंक्शनच्या नावांऐवजी नुसते हेक्स आकडे दिसतात.

'स्ट्रिप' (बिल्डमधून नावं काढून टाकणारा पर्याय) चालू असणार. तो बंद करून प्रश्न ३ मधलं प्रोफाइल वापरा. नावं दिसतात पण ओळींचे क्रमांक नाहीत, असं असेल तरी उपाय तोच.

७. नावं दिसतात, पण कुणी कुणाला बोलावलं ती साखळी मध्येच तुटते.

कंपायलर एक रजिस्टर वाचवण्यासाठी फ्रेम पॉइंटर, म्हणजे स्टॅकवर बोलावणाऱ्या फंक्शनकडे परत नेणारी खूण, गाळून टाकतो. मग पर्फला स्टॅकवरून मागे मागे जाता येत नाही. दोन वाटा आहेत.

पहिली: रस्ट-फ्लॅग्जमध्ये 'फोर्स-फ्रेम-पॉइंटर्स' चालू करून पुन्हा बिल्ड करा. वेग किंचित कमी होतो, पण त्यापायी लपलेलं इतकं काही सापडतं की फेडोरा ३८ ने आणि नंतर उबुंटू २४.०४ ने आपली सगळी पॅकेजेसच फ्रेम पॉइंटर ठेवून बांधायला घेतली. दुसरी: पर्फला 'कॉल-ग्राफ ड्वॉर्फ' सांगा. पुन्हा बिल्ड करावं लागत नाही, मात्र दर नमुन्याला स्टॅकचे ८ किलोबाइट नकलून ठेवले जातात. फाइल भसाभसा फुगते, आणि स्टॅक त्याहून खोल असेल तर साखळी परत तुटतेच. मी स्वतः पहिलीच वाट धरतो.

८. फ्लेम ग्राफ डावीकडून उजवीकडे वाचायचा ना? आधी काय झालं, मग काय झालं असा?

नाही, आणि जवळपास प्रत्येकजण पहिल्यांदा इथेच फसतो. फ्लेम ग्राफ म्हणजे नमुन्यांतल्या साखळ्या पट्टीवर पट्टी रचून दाखवणारी आकृती; ती ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये काढली. तिच्यात आडव्या अक्षावर काळ नाहीच. शेजारच्या पट्ट्या नावाच्या अक्षरक्रमाने लावलेल्या असतात, म्हणजे सारख्या पट्ट्या एकत्र येतात. रुंदी म्हणजे किती नमुन्यांत ते फंक्शन सापडलं. उंची म्हणजे साखळीची खोली, आणि खोल असणं म्हणजे हळू असणं नव्हे. नेहमीच्या आकृतीत लाल-केशरी रंगांनाही अर्थ नसतो, तो नुसता आगीचा भास.

बघायचं ते वरच्या कडेला. ज्या पट्टीचा माथा रुंद आणि सपाट आहे, ज्याच्यावर काहीच उभं नाही, तिथे प्रोसेसर खरोखर राबत होता. तळाची 'मेन' बहुतेकदा जवळजवळ पूर्ण रुंदीची असते, तिला पाहून दचकू नका.

९. माझं सगळ्यात महत्त्वाचं फंक्शन ग्राफमध्ये नाहीच!

ते इनलाइन होऊन बोलावणाऱ्याच्या पोटात गेलं. ओळींची माहिती असेल तर साधनं त्याला बऱ्याचदा पुन्हा वेगळं दाखवतात. तरीही दिसलं नाही तर तेवढ्यापुरतं त्या फंक्शनवर 'इनलाइन नेव्हर' लिहा. काम झालं की ते काढा. तसंच राहिलं तर जो वेग मोजायला बसलात तोच बिघडेल.

१०. पर्फ एवढं सगळं देतं, तर प्रोग्रॅमच्या आत मोजणी घालायची कधी?

तुमचा प्रश्न फंक्शनचा नसून कामाचा असेल तेव्हा. 'पार्सरमध्ये ३० टक्के वेळ जातो' हे पर्फ सांगेल. 'हजारातल्या याच एका फाइलला आठ सेकंद का लागले' हे सांगणार नाही, कारण त्याला तुमच्या फाइली माहीतच नाहीत. एरवी सुरळीत चालणारं काम मधूनच अडतं, असल्या तक्रारीही नमुन्यांच्या सरासरीत बुडून जातात.

रस्टमध्ये यासाठी गार्डची रीत चांगली जमते. एक छोटा स्ट्रक्ट करा: बनवताना 'इन्स्टंट'ची वेळ घ्या आणि त्याच्या 'ड्रॉप'मध्ये (वस्तूचं आयुष्य संपताना आपोआप चालणारं फंक्शन) फरक काढून नोंदवा. फंक्शनच्या पहिल्या ओळीत तो बनवला की पुरे. मधूनच 'रिटर्न' झालं, प्रश्नचिन्हाने चूक वर गेली, तरी ड्रॉप होतोच आणि नोंद पडतेच. सी मध्ये हेच करताना बाहेर पडायच्या प्रत्येक वाटेवर हाताने टायमर थांबवावा लागतो, आणि एक वाट हमखास राहते. स्वतःचा गार्ड एकदा लिहून पाहा, समज पक्की होते. रोजच्या कामाला मात्र 'ट्रेसिंग' हे क्रेट (रस्टची तयार लायब्ररी) वापरा. खेळ किंवा ग्राफिक्सचं काही असेल तर ट्रेसी.

११. गार्ड घातला, पण सगळे आकडे जवळजवळ शून्य येतात.

तुमची ओळ 'लेट', मग नुसता अंडरस्कोर, मग बरोबर, अशी आहे का? तर गार्ड तिथल्या तिथे मरतो. रस्टमध्ये नुसता अंडरस्कोर म्हणजे 'ही किंमत मला नको'. ओळ संपली की ड्रॉप. अंडरस्कोरला लागून नाव दिलंत, समजा 'अंडरस्कोर-गार्ड', की तो ब्लॉक संपेपर्यंत जगतो. स्ट्रक्टवर 'मस्ट-यूज' लिहिलं असलं तरी कंपायलर इथे गप्प राहतो, कारण अंडरस्कोर लिहून तुम्हीच त्याला गप्प केलंय. यात मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

१२. मोजणीचाच खर्च किती?

साध्या लिनक्स मशीनवर एकदा वेळ विचारायला साधारण वीस-तीस नॅनोसेकंद लागतात, आणि प्रत्येक गार्डला ती दोनदा विचारावी लागते. दहा मिलीसेकंदांच्या कामाला हे काहीच नाही. पण पाच नॅनोसेकंदांच्या फंक्शनला गार्ड लावलात तर तुम्ही गार्डच मोजताय. चेंडू आणायला गेटबाहेर पळणाऱ्या पोरांना दर वेळी सही करायला लावली, तर गेटवर रांग लागणारच. मग रजिस्टर पाहून 'पोरं फार हळू पळतात' म्हणण्यात अर्थ नाही.

म्हणून गार्ड मोठ्या कामांना: एक फाइल, एक विनंती, एक चित्र. आतल्या लूपसाठी नमुनेच (प्रश्न ४). काही व्हर्च्युअल मशीनवर घड्याळ वाचायला दर वेळी कर्नलमध्ये जावं लागतं, तिथे हा खर्च कितीतरी वाढतो. तेव्हा आपल्या मशीनवर रिकाम्या गार्डचा लूप फिरवून एकदा खात्री करा.

१३. ही मोजणी ग्राहकाला देताना काढून टाकायची का?

ओळी काढू नका, त्यांना कुलूप घाला. कार्गोचं एक 'फीचर' ठेवा आणि गार्ड मॅक्रोमधून बनवा. फीचर बंद असेल तर मॅक्रो काहीच उत्पन्न करत नाही, म्हणजे खर्च शून्य. 'ट्रेसिंग'मध्येही रिलीज बिल्डसाठी ठरावीक पातळीखालच्या नोंदी कंपाइल होतानाच गाळायची सोय आहे. माझं मत विचाराल तर वरच्या पातळीचे चार-पाच गार्ड चालूच राहू द्या. तक्रार येते ती रात्री अकराला, आणि त्या वेळी नवा बिल्ड पाठवायचा उत्साह कुणालाच नसतो.

१४. असिंक कोडमध्ये एकाच स्पॅनच्या आत भलतीच कामं दिसतात.

स्पॅन म्हणजे 'ट्रेसिंग'मधली एका कामाची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची नोंद. तिचा 'एंटर' गार्ड तुम्ही 'अवेट'च्या पलीकडे धरून ठेवलात. अवेटपाशी तुमचं काम बाजूला होतं, त्याच थ्रेडवर दुसरं कुणी बसतं, आणि गार्ड अजून जिवंत असल्यामुळे त्याचं कामही तुमच्या खात्यावर चढतं. टोकियोवर (असिंक कामं चालवणारं क्रेट) 'स्पॉन' करताना कंपायलरच अडवतो, कारण तो गार्ड थ्रेड ओलांडू शकत नाही. काम एकाच थ्रेडवर ठेवणाऱ्या 'स्पॉन-लोकल'मध्ये मात्र बिनबोभाट चालून जातं. फंक्शनवर 'इन्स्ट्रुमेंट' ॲट्रिब्यूट लावा किंवा फ्यूचरवर 'इन्स्ट्रुमेंट' बोलवा. मग दर वेळी काम हातात घेताना स्पॅन उघडतो आणि सोडताना मिटतो.

१५. प्रोग्रॅमला वीस सेकंद लागले, पण पर्फमध्ये तीनच सेकंदांचं काम दिसतं. बाकीचे कुठे गेले?

वाट पाहण्यात. स्वारगेटहून खडकवासल्याला निघालात आणि प्रत्येक सिग्नलला गाडी बंद केलीत, तर पेट्रोल थोडंच जळेल पण पोचायला तास लागेल. पर्फचे नेहमीचे नमुने म्हणजे पेट्रोलचा हिशोब. लॉकसाठी, डिस्कसाठी, नेटवर्कसाठी थांबलेला थ्रेड प्रोसेसरवर नसतोच, म्हणून दिसत नाही.

आधी 'पर्फ स्टॅट' किंवा साधी 'टाइम' आज्ञा चालवून प्रत्यक्ष वेळ आणि प्रोसेसरचा वेळ यांत केवढी दरी आहे ते बघा. दरी मोठी असेल तर 'एसट्रेस'ला 'सी' पर्याय देऊन सिस्टिम कॉल मोजा. नवख्यांच्या प्रोग्रॅममध्ये बहुतेकदा बफर न लावता फाइल चार-चार बाइटांनी वाचलेली सापडते. दुसरा नेहमीचा गुन्हेगार 'प्रिंटएलएन': तो दर वेळी लॉक घेतो, आणि रस्टचा स्टँडर्ड आउटपुट फाइलकडे वळवला तरी ओळीओळीला रिकामा होत राहतो. 'बफ-रीडर', 'बफ-रायटर' लावा. सिस्टिम कॉल मोजकेच असतील तर लॉकसाठी प्रश्न १० मधले गार्ड.

१६. दर वेळी वेगळा आकडा येतो. खरा कुठला?

लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो, आणि एप्रिल-मेमधल्या पुण्यातल्या दुपारी तो लवकर तापतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर येतो, म्हणजे आणखी वेगळा आकडा. चार्जर लावून, ब्राउझर बंद करून, शक्यतो सकाळी मोजा. 'पर्फ स्टॅट'ला 'आर १०' दिलं की तो दहा वेळा चालवून चढउतारही सांगतो. जुना आणि नवा बिल्ड आलटून पालटून चालवा. एक सकाळी आणि एक दुपारी, असं नको. वेळेपेक्षा इन्स्ट्रक्शनची संख्या बरीच स्थिर असते, म्हणून लहानसहान फरकांसाठी मी तीच बघतो.

१७. माझ्या बेंचमार्कमध्ये फंक्शनला शून्य नॅनोसेकंद लागतात!

उत्तर कुणी वापरत नाही हे कंपायलरने ओळखलं आणि काम गाळून टाकलं. निविष्टी आणि निकाल दोन्ही 'ब्लॅक-बॉक्स'मधून न्या. रस्ट १.६६ पासून ते स्टँडर्ड लायब्ररीत आहे. क्रायटेरियन क्रेटमध्येही तीच सोय मिळते.

१८. 'मॅलॉक' आणि 'फ्री' सगळ्यात वर दिसतात. आता?

ही दोन फंक्शनं मेमरी मागतात आणि परत करतात. कुठेतरी लूपमध्ये स्ट्रिंगांचे क्लोन पडताहेत, किंवा वेक्टर पुन्हा पुन्हा नव्याने बनतोय. कोण मागतंय ते साखळीवरून कळेल (प्रश्न ७). नेमका हिशोब हवा असेल तर हीपट्रॅक, नाहीतर व्हॅलग्राइंडमधलं डीहॅट. व्हॅलग्राइंड प्रोग्रॅमला कित्येक पटींनी मंदावतं, तेव्हा निविष्टी लहान द्या आणि त्यातल्या वेळेच्या आकड्यांकडे बघूच नका.

१९. एका फंक्शनचा वेळ एकूण वेळेपेक्षा जास्त आला. हे कसं शक्य आहे?

ते स्वतःलाच बोलावत असणार. बाहेरच्या गार्डच्या वेळेत आतल्याचाही वेळ असतो, आणि दोघांची बेरीज केली की तोच सेकंद दोनदा मोजला जातो. थ्रेड-लोकलमध्ये खोली मोजत राहा आणि सगळ्यात बाहेरच्याच गार्डला नोंद करू द्या. अनेक थ्रेडांची बेरीजही अशीच एकूण वेळेच्या वर जाते. ती मात्र चूक नव्हे.

२०. सगळ्यात रुंद फंक्शन दुप्पट वेगवान केलं, तरी प्रोग्रॅममध्ये फरक जाणवत नाही.

गणित करून बघा. दहा सेकंदांत त्या फंक्शनचा वाटा ३० टक्के होता, म्हणजे तीन सेकंद. ते दीड झाले. एकूण साडेआठ. जीन ॲम्डाल यांनी १९६७ मध्ये समांतर यंत्रांबद्दल हेच मांडलं होतं: ज्या भागाला हात लावला नाही, तोच शेवटी वेग ठरवतो. पुण्यात सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, त्याच्यावर प्रोग्रॅम वाटून देणाऱ्यांनाही याच हिशोबाला तोंड द्यावं लागलं असणार. साडेआठही येत नसतील तर तो वेळ वाट पाहण्यात दडलाय (प्रश्न १५).

२१. प्रोग्रॅम संपला, पण नोंदींच्या फाइलचा शेवट गायब आहे.

नोंदी बफरमध्ये साठतात आणि तो ड्रॉप होताना लिहिला जातो. 'प्रोसेस एक्झिट' बोलावलंत तर एकही ड्रॉप चालत नाही. 'पॅनिक'ला 'अबॉर्ट' ठेवलं असेल तर पॅनिक झाल्यावर तेच. 'स्टॅटिक'मध्ये ठेवलेल्या वस्तूंचा ड्रॉप तर प्रोग्रॅम सरळ संपला तरी होत नाही, आणि नोंदवही बहुतेकजण नेमकी तिथेच ठेवतात. म्हणून ती 'मेन'मध्ये साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवा (नाव द्यायचं, नुसता अंडरस्कोर नको, प्रश्न ११), आणि एक्झिटचा कोड परत करायचा असेल तर 'मेन'मधून 'एक्झिट-कोड' हीच किंमत परत करा.

कंट्रोल-सी दाबून थांबवणाऱ्यांचं हेच होतं. सिग्नल पकडून 'मेन'ला सरळ संपू द्या, नाहीतर दर सेकंदाला फ्लश करा.